छत्तीस इंची

मुकुटबनच्या रस्त्यावर बोम्मावारांचा फरशी कारखाना,
सात वर्षं बंद. कुलूप तोडावं लागलं,
किल्लीवाला हैदराबादला गेला तो तिकडचाच झाला.
आत करवत उभी होती,
अंगभर कबुतरांची शिट,
आणि पात्यावर कुणीतरी वाळत घातलेला दुपट्टा
अजून वाळत होता.

सत्तर हजार, बोम्मावार म्हणाले.
मी म्हणालो, भंगारात घातली तर किती येतील?
ते गप्प राहिले. म्हणजे हिशेब त्यांनीही करून पाहिला होता.
शेवटी सेहेचाळीस. पातं धरून.
"हिऱ्याची कणी आहे त्याच्यात," म्हणाले,
घरातला डाग मोडताना माणूस बोलतो तसं.

सागाच्या बल्ल्यांवरून टेम्पोत चढवली.
चढावर टेम्पोचं तोंड हलकं झालं, चाकं रस्ता सोडायला लागली.
जमीलभाई ओरडले, "बोनेटवर बसा, बोनेटवर!"
असा मी माझी करवत घरी आणली,
बोनेटवर उलटा बसून, तिच्याकडे बघत.

आईनं दारातच विचारलं, "हिरे आनले म्हंतेत, दाखव बरं."
पात्याच्या कडेवरून बोट फिरवलं.
"हे तं रवा हाय."

उन्हाळा त्यातच गेला.
हौदातून चार घमेली गाळ निघाला,
तळाशी एक चप्पल, डावी.
सरकत्या गाड्याचा स्क्रू गंजून एकजीव झालेला.
तीन दिवस डिझेल पाजलं,
चौथ्या दिवशी ठोकलं, पाचव्या दिवशी शिव्या दिल्या,
सहाव्या दिवशी तो आपल्या मनानं पाव आटा फिरला.
बेअरिंग वणीत नाही, नागपुरात मिळाली ती डुप्लिकेट,
खरी निघाली चंद्रपूरच्या एका गिरणीवाल्याच्या खोक्यात.
पात्याचे दोन दात पडलेले.
हिंगणघाटचा कारागीर म्हणाला, चांदीचा डाक लागेल.
पौर्णिमानं पैंजण दिलं. जोडीतलं दुसरं
हरवलेलंच होतं.

बाबा खाटेवरून बघायचे.
चाळीस वर्षं गावोगाव फिरून पाट्यांना टाकी लावली त्यांनी,
कपची उडाली तेव्हापासून एका डोळ्यानं.
चालते का, असं एकदाही विचारलं नाही.
मी पातं शाफ्टवर चढवून हातानं फिरवलं तेव्हाच म्हणाले,
"डुलते."
डुलत होतं. केसभर.
दाढीच्या ब्लेडची पट्टी सरकवली आत, मग थांबलं.

त्या आठवड्यात शेतीची लाइन रात्री बारानंतर.
कापायला मोठा दगड हवा, आणि
अंगणात तेवढा एकच होता,
आईचा धुण्याचा.
ती झोपलेली.

आधी करवत किंचाळली. अख्ख्या गावातली कुत्री उठली.
मग दात धरले तिनं, आणि सव्वा तास
नुसती जात्यासारखी घरघर, पांढरं पाणी.
दगड उघडला.
वरून काळा, साबणानं खाल्लेला,
आत लाटा, राखाडी आणि फिक्या गुलाबी,
एकीवर एक, कांदा आडवा चिरावा तशा.
कुणी बोललं नाही. जमीलभाईंनी टॉर्च धरला,
वाकून दगडाला जीभ लावून पाहिली.
का, ते मीही विचारलं नाही.

सकाळी आई म्हणाली, "एकाचे दोन केले. बरं."
अर्ध्यावर सतरंजी आपटली.
साबण घसरला, सतरंजी घसरली, मागोमाग तीही जाता जाता राहिली.
"याच्यावर कपडे धुवाचे का तोंड पाहाचं?"

बाबा उठले. माळ्यावरचा डालड्याचा डबा मागितला.
छिन्नीवर गंज, हातोडीचा दांडा सैल,
तो पाण्यात बुडवून ठेवला चहा होईपर्यंत.
मग बसले त्या गुळगुळीत लाटांसमोर,
मान तिरपी करून.
टक्. टक्. जराशी जागा सोडून, टक्.
मी हौद धूत होतो. मान वर न करता म्हणाले,
"दुसरा अर्धा राहू दे. त्याले नाई लावत मी."

आईनं हात फिरवून खडबड पाहिली.
किती द्यायचे, विचारलं.
"पाट्याचेच," बाबा म्हणाले. "धा."